सहा नंबरची झोप

१

बाबांना डोंगरावरून खाली आणायला मी गेले, कारण दादाला सुट्टी नव्हती आणि काकाकडे फक्त मतं होती. आमच्या घरात असंच असतं. पुरुष फोनवर ठरवतात आणि बाई गाडीत बसते.

बाबांनी एकोणतीस वर्षं त्या डोंगरावर दुर्बीण चालवली. शास्त्रज्ञ येत, कुठले तारे बघायचे त्याची यादी देत, आणि बाबा घुमट फिरवून, त्याची फट उघडून, ती अवजड दुर्बीण एकेका ताऱ्यावर नेऊन ठेवत. तीन आठवडे वर, एक आठवडा घरी; तेवढ्यापुरता त्यांच्या जागी दुसरा माणूस वर. घरी आले तरी रात्रपाळीची सवय सुटत नसे, दिवसा झोपत. माझं सगळं बालपण "हळू, बाबा झोपलेत" या एका वाक्यात गेलं. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायचं ते पाण्यावर ठेवल्यासारखं. दार लावायचं ते कडी हाताने धरून. आई चार वर्षांपूर्वी गेली, तीसुद्धा तशीच, आवाज न करता. तेव्हा बाबा वरच होते.

निवृत्त होऊन त्यांना तीन महिने झाले होते. तरी ते उतरले नव्हते. मग तिथल्या डॉक्टरचं पत्र आलं. रक्त दाट झालंय, हृदयाला सूज आहे, या उंचीवर आणखी एक हिवाळा निघणार नाही, घरच्यांनी येऊन घेऊन जावं.

मी फोन केला. बाबा म्हणाले, "येतो ना. बदली आली की निघालोच."

"कसली बदली?"

"माझ्या जागी येणारा माणूस. पाळी अशी रस्त्यात टाकून येत नाहीत, वादळ."

वादळ म्हणजे मी. बाबा मला लहानपणापासून तेच म्हणतात. ज्या घरात मोठ्याने शिंकायची चोरी, तिथे हे नाव मला का दिलं, ते त्यांनाच ठाऊक.

२

एकदम इतक्या उंचीवर जाता येत नाही. अर्ध्या वाटेवरच्या विश्रामगृहात दोन रात्री काढाव्या लागतात, शरीराला सवय व्हावी म्हणून. तिथे पहिल्याच रात्री माझा श्वास अडकून मी दचकून उठले. सकाळी ड्रायव्हरला सांगितलं तर तो हसला.

"उंचीवर झोपेत असंच होतं ताई. चार श्वास खोल, मग थांबा, मग परत चार. सगळ्यांचंच. थांबा लांबला तर घाबरायचं."

"किती लांबला तर?"

"ते मोजायला जागं कोण असतं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. रस्ता वळणावळणाचा, झाड नाही, गवत नाही, नुसता तांबूस दगड. ड्रायव्हर मिनिटामिनिटाला आरशात बघत होता. "डोकं दुखलं तर लपवू नका. मागच्या आठवड्यात एका साहेबांनी लपवलं. मग एकदम उलटीनेच सांगितलं, माझ्या मानेवर."

माथ्याच्या खाली एक फाटक आहे. तिथल्या पहारेकऱ्याने माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, "ब्याऐंशी, चालेल" म्हणाला, आणि खिळ्यावरचा एक पत्र्याचा बिल्ला काढून माझ्या गळ्यात घातला. नंबर सतरा. एक बाजू पांढरी, एक काळी.

"वर झोपलात तर खोलीबाहेरच्या लोखंडी आकड्यावर काळी बाजू करून टांगायचा. म्हणजे कोणी दार वाजवत नाही. उतरताना मला परत. खिळा रिकामा म्हणजे माणूस वर. इतकं सोपं आहे."

"आणि हरवला तर?"

"बिल्ला कुठे हरवतो? माणसं हरवतात," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खोकत बसला. "चारला गाडी उतरते. चारनंतर वर सोडत नाही कोणाला. रस्त्यावर बर्फ धरतं."

३

सकाळचे दहा वाजले होते आणि सगळा डोंगर झोपला होता.

पांढरे घुमट मिटलेले. आकाश इतकं निळं की काळ्याकडे झुकलेलं. ऊन डोळ्यांत सुईसारखं जात होतं, पण उबेचं नाव नाही. वस्तीची इमारत बैठी, लांबट. आत शिरल्यावर दुसरं दार, मग एक जाड पडदा, आणि मग अंधार. खिडक्यांना लोखंडी झडपा. जमिनीवर रबर अंथरलेलं, पाऊल वाजू नये म्हणून. भिंतीवर पाटी होती, "लोक झोपले आहेत." बाकी काही सूचना नाही. मला एकदम आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं आणि संताप आला.

कॉरिडॉरमध्ये आठ खोल्या. प्रत्येक दाराशेजारी एक आकडा. पाच आकड्यांवर बिल्ले होते, पाचही काळे. बिल्ल्याखाली चिठ्ठी असे, दोन वाजता उठवा, तीनला उठवा. पाच नंबरवर बाबांचा बिल्ला होता. मी तो उलटून बघितला, पांढऱ्या बाजूवर त्यांचं नाव, अक्षर पुसट झालेलं. सहा नंबरवरच्या बिल्ल्याखाली चिठ्ठी नव्हती. सहज म्हणून तोही उलटला.

दुसरी बाजूही काळीच होती.

स्वयंपाकघर तेवढं उजेडाचं होतं. स्वयंपाकी उकडलेले बटाटे सोलत होता. मला बघून त्याने आधी तोंडावर बोट ठेवलं आणि मग पाणी पुढे केलं.

"काकांची मुलगी ना? घेऊन जा बाई त्यांना. पण आत्ताच झोपलेत. बारापर्यंत थांब."

ओट्यावर ताटं मांडलेली होती. इथे काम करणारे चार, दुपारी उठून खातात ते. वर स्वयंपाक्याचं स्वतःचं. मी मोजली तर सहा निघाली.

"सहावं कोणाचं?"

"सहा नंबरचं."

"कोण आहे सहा नंबरमध्ये?"

त्याने सुरी थांबवली. विचार केला असावा, पण फार नाही. "चष्मेवाल्या शास्त्रज्ञाचा पाहुणा असेल. ताट दाराशी ठेवतो, तासाभराने रिकामं मिळतं. जेवतो म्हणजे बरा असेल."

"कधीपासून आहे?"

"मी आलो तेव्हा होता," स्वयंपाकी म्हणाला. तो येऊन दोन वर्षं झाली होती.

४

बारापर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. पाच नंबरचं दार मी ढकललं. इथे कुठल्याच दाराला कडी नाही, कोणाला त्रास झाला तर डॉक्टरला आत जाता यावं म्हणून.

आत एक टेबलदिवा होता, लाल कागद लावलेला. पलंगावर बाबा. तीन-चार महिन्यांत माणूस इतका उतरू शकतो हे मला माहीत नव्हतं. ओठ जांभळट, नखं निळी. मी त्यांना उठवायला हात पुढे केला, आणि नाही उठवलं. लहानपणीची शिकवण हाडात मुरलेली असते. खुर्ची ओढली, म्हणजे उचलून ठेवली, आणि बसले.

बाबांनी चार श्वास घेतले. खोल, घरघरते. मग थांबले.

ड्रायव्हरने सांगितलं होतं, त्यामुळे मी घाबरले नाही. मोजायला लागले. सात, आठ, नऊ. आणि तेव्हा पलंगामागच्या भिंतीपलीकडून श्वास ऐकू आला. एक, दोन, तीन, चार. भिंत म्हणजे नुसती फळी होती. पलीकडे सहा नंबर.

पलीकडचा थांबला. बाबांचा सुरू झाला.

माझी पदवी संख्याशास्त्रातली आहे. दोन माणसं शेजारशेजारी झोपली आणि दोघांचे थांबे एकाआड एक आले, तर त्यात नवल नाही. चार-पाच वेळा जुळेल, मग घसरेल. दोन घड्याळं काही एकमेकांना विचारून चालत नाहीत. मी डॉक्टरचं पत्र काढलं आणि त्याच्या मागे पेन्सिलने रेघा मारल्या. वर बाबा, खाली पलीकडचा. एक वर, एक खाली. सत्तावीस वेळा. एकदाही दोघांनी बरोबर श्वास घेतला नाही. एकदाही दोघं बरोबर थांबले नाहीत.

प्रतिध्वनी म्हणावा, तर तो आवाज असताना येतो. संपल्यावर नऊ सेकंदांनी येत नाही.

मी बाबांच्या छातीवर हात ठेवला. छाती फळीसारखी स्थिर, आणि पलीकडे श्वास चालू. त्या वेळी मला भीतीपेक्षा ओशाळल्यासारखं जास्त वाटलं, कोणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं.

"बाबा. उठा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून खूप वेळाने हसले. "आलीस का, वादळ."

ते जागे झाले तसा त्यांचा श्वास सरळ चालायला लागला. भिंतीपलीकडे सगळं शांत झालं. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. दादा कसा आहे, गाडी कशी होती, असलंच काही. मी ऐकत होते ती भिंत. एक मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं.

बाबाही ऐकत होते.

"जास्त वेळ जागं ठेवू नकोस मला," ते हळूच म्हणाले. "त्याला जड जातं." आणि कूस बदलून झोपले. लगेच. दिवा मालवावा तसे.

५

एव्हाना एक वाजला होता. चष्मेवाला स्वयंपाकघरात कॉफी घेत उभा होता. तरुण शास्त्रज्ञ, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा असेल, डोळे सुजलेले.

"तुम्ही काकांना न्यायला आलात हे फार बरं झालं," तो म्हणाला. "आम्ही सांगून थकलो."

"त्यांची बदली कधी येणार आहे?"

"येणार नाही. दुर्बीण आता खालच्या शहरातून संगणकावर चालते. जागाच रद्द झालीय. काकांना माहीत आहे. आम्ही केक कापला, भाषणं झाली. भाषण संपल्यावर ते म्हणाले, ठीक आहे, आणि जाऊन झोपले."

"सहा नंबरमध्ये तुमचा पाहुणा आहे म्हणे."

"माझा?" त्याने चष्मा पुसला. "नाही हो. तो पलीकडच्या घुमटाचा तंत्रज्ञ ना?"

"तुम्ही बघितलंय त्याला?"

"झोपलेला असतो. काळा बिल्ला असला की आम्ही दार वाजवत नाही. झोपलेल्याला उठवणं म्हणजे इथे…" त्याला शब्द सापडला नाही. "इथे तेवढं एकच पाप आहे."

एवढी शिकलेली माणसं. कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यात कोणता वायू आहे ते सांगतात, आणि शेजारच्या खोलीत कोण आहे ते एकालाही माहीत नाही. स्वयंपाक्याला वाटतं चष्मेवाल्याचा, चष्मेवाल्याला वाटतं तंत्रज्ञ, आणि तंत्रज्ञाला विचारावं तर तो झोपलाय. मी कॉफी घेतली नाही. सरळ कॉरिडॉरमध्ये गेले आणि सहा नंबरचं दार ढकललं.

चार बोटं उघडलं असेल. आत दिवा नव्हता. पण स्वयंपाकघराचा पडदा मी नीट ओढला नव्हता, त्या उजेडाची एक पट्टी माझ्या खांद्यावरून आत गेली.

पलंग बाबांच्या भिंतीला लागून होता. त्यावर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून झोपलं होतं. अंगात करडा स्वेटर. कोपराला ठिगळ, लाल दोऱ्याने शिवलेलं. तो दोरा मी ओळखला. करडा नव्हता म्हणून आईने लाल वापरला होता, आणि पुढे बाबांनी तो स्वेटर बसमध्ये विसरलो म्हणून सांगितलं तेव्हा आई दोन दिवस धुसफुसत होती.

पाठ हलत नव्हती. फळीपलीकडून बाबांचे चार श्वास ऐकू आले. मग थांबले.

पाठ फुगायला लागली. श्वास घेताना फुगते तशीच, सावकाश. मी वाट बघत होते की आता थांबेल. थांबली नाही. फुगत राहिली. स्वेटर ताणला, आईची वीण सुटी होत गेली, घरं फाकली, आणि फाकलेल्या घरांतून दिसायला हवं ते काही दिसत नव्हतं, मागचा अंधारच दिसत होता. आणि त्या सगळ्यात काही रागाचं नव्हतं, काही वाईट नव्हतं. फक्त थकवा होता. इतका, की मला तिथेच खाली बसून डोळे मिटावेसे वाटले.

मी दार लावलं. आपटलं नाही. कडी असती तर ती हाताने धरली असती, लहानपणी शिकवलं होतं तशी.

६

साडेतीनला बाबांना उठवलं. सामान मी आधीच भरलं होतं, एका पिशवीत मावलं. ते कोट घालून मुकाट्याने माझ्यामागे कॉरिडॉरमध्ये आले, आणि त्यांच्या आकड्यापाशी थांबले.

पुढचं सगळं भांडण आम्ही कुजबुजत केलं. आयुष्यातलं माझं सर्वांत मोठं भांडण, आणि तेही हळू आवाजात.

"चला ना."

"बदली आल्याशिवाय कसा येऊ?"

"बदली येणार नाहीये. जागा रद्द झाली."

"ती कागदावर."

"बाबा, तिथे आत कोण आहे?"

"झोपलेलं आहे."

"कोण?"

"मी कधी उठवलं नाही. माझ्या आधीच्या माणसानेही नाही उठवलं. तो गेला तेव्हा मी त्याच्या आकड्यावर बिल्ला टांगला, एवढंच."

"जेवतं ते?"

"ताट मी संपवतो. नाहीतर लोक चौकशी करतील. त्याला जेवण लागत नाही."

"आणि आईने विणलेला स्वेटर?"

"थंडी वाजत होती ना त्याला."

मग माझं डोकं फिरलं. चार वर्षं गिळलेलं बाहेर आलं. "आई गेली तेव्हा तुम्हाला दोन दिवस आधी कळवलं होतं. गाडी होती. रस्ता मोकळा होता. तुम्ही का नाही आलात?"

"निघालो होतो, बदली यायच्या आधीच. दोन वळणं उतरलो."

"मग?"

"श्वास अडकला त्याचा. मला कळलं." त्यांनी स्वतःच्या छातीला हात लावला, पण म्हणाले 'त्याचा'. "परत गेलो. म्हटलं, तिच्याजवळ तुम्ही दोघं आहात. त्याच्याजवळ कोणी नाही."

मला ओरडायचं होतं. त्या झडपा हादरतील, आठही दारं उघडतील असं. त्याऐवजी मी गळ्यातला सतरा नंबरचा बिल्ला काढला. बाबांचा बिल्ला आकड्यावरून काढून त्यांच्या खिशात कोंबला आणि माझा तिथे टांगला.

"ही घ्या बदली. तरुण आहे, शिकलेली आहे, पगार मागत नाही. आता चला."

बाबांचा हात वर गेला. बिल्ला काढायला गेला, मी स्पष्ट बघितलं. अर्ध्यावर गेला आणि थांबला. मग त्यांनी श्वास सोडला. तो संपेचना. त्यांचा चेहरा सैल झाला, खांदे उतरले, आणि हात आपोआप खाली आला. एखादं माणूस किती दमलेलं असू शकतं, ते मी तेव्हा बघितलं. तो हात खाली आला, त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. पण मला राग आहे असंही म्हणता येत नाही.

ड्रायव्हर पडद्यातून चवड्यांवर आत आला आणि घड्याळावर बोट आपटून दाखवलं. आम्ही निघालो.

७

फाटकापाशी पहारेकऱ्याने हात पुढे केला. बाबांनी खिशातून बिल्ला काढून दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, एकोणतीस वर्षांचा मान म्हणून असेल.

"ताई, तुमचा?"

माझा हात गळ्याशी गेला. "वर राहिला."

"मग खिळा रिकामा राहील की माझा."

"राहू द्या. उद्याच्या गाडीने मागवून घ्या."

बाबा एकदम ताठ बसले. "गाडी वळव."

"काका, चार वाजून गेले," ड्रायव्हर म्हणाला.

"वळव म्हणतो ना. तिचा बिल्ला वर आहे. मी, माझं लक्ष…" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. पहारेकरी आत बघायला लागला.

"पुरे, बाबा," मी म्हणाले. "पत्र्याचा तुकडा आहे. तुमच्या या वेडात आमची अर्धी आयुष्यं गेली. चला हो, घ्या गाडी."

आमच्यामागे फाटक बंद झालं. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या वळणाला त्यांना झोप लागली. मी कान देऊन ऐकलं. चार श्वास, पाच, सहा, सात. थांबा नाही. लहान मुलासारखी झोप. ओठांवर हळूहळू रंग येत होता. मी जिंकले होते. दादाला मेसेज केला, "आणते आहे. तुझं काम झालं."

मग मला एक जांभई आली. ती पूर्ण होईना. तोंड उघडं, छाती वर, आणि हवा काही शेवटपर्यंत पोचेना. आरशात ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता.

"डोकं दुखतंय का ताई?"

"नाही. थोडी दमलेय."

८

खाली आलं की उंचीचा त्रास दोन दिवसांत जातो. सगळे असंच म्हणाले. माझा गेला नाही.

बाबा सुधारले. नखं गुलाबी झाली, भूक लागायला लागली. काका येऊन "मी म्हणत होतोच" म्हणून गेला. मी मात्र जिना चढून आले की पायरीवर बसायची. कामावर आकडे बघता बघता डोळे मिटायचे. कितीही झोपले तरी उठताना वाटायचं की झोपली ती मी नव्हतेच. डॉक्टरने छाती तपासली, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. "तरुण मुलींना अशक्तपणा असतोच," तो म्हणाला. त्याच्या वयाच्या माणसांना प्रत्येक गोष्ट माहीत असते.

घरात आता उलटं झालं होतं. रविवारी दुपारी मी झोपलेली असायची आणि बाबा चवड्यांवर चालायचे. भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. एकदा जाग आली तर दादा फोनवर काहीतरी विचारत होता आणि बाबा त्याला सांगत होते, "हळू बोल. ती झोपलीय."

तिसऱ्या आठवड्यात मी उशाशी फोन ठेवून आवाज टिपायला लावला. सकाळी चहा पिताना लावून बघितला. बाबा समोर पाव खात होते. चार श्वास. मग थांबा. मी सवयीने मोजलं. एकवीस सेकंद. चार श्वास. थांबा. चोवीस. मी पुढे नेत गेले. पहाटेपर्यंत तो चाळिसावर गेला होता.

"थांब्यात काहीच ऐकू येत नाही," मी म्हणाले. हसायचा प्रयत्न केला. "तुमच्या वेळी निदान पलीकडून आवाज तरी यायचा."

बाबांनी पाव ताटलीत ठेवला. "लांब आहेस ना तू," ते म्हणाले. "म्हणून लांबतोय. त्याला ओढायला लागतंय."

"बाबा, पुरे."

"बरं," ते म्हणाले. "पुरे."

त्या दिवशी त्यांनी दाढी केली. आईच्या कपाटाचं बिजागर बरीच वर्षं वाजायचं, त्याला तेल घातलं. मला विचारलं की दुर्बिणीतून कधी काही बघितलं आहेस का. मी म्हणाले, तुम्ही कधी नेलंतच कुठे. त्यांनी मान हलवली. "खरंय," म्हणाले. "दाखवायला हवं होतं."

९

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, मी उठले.

नुसती जागी झाले नाही, उठले. खिडकीतून ऊन आलं होतं. रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, बादली घासल्याचा आवाज येत होता. अंग हलकं होतं. भूक लागली होती. मी तशीच पडून एक श्वास घेतला आणि तो आत गेला. अडला नाही. थेट पाठीच्या कण्यापर्यंत, पोटापर्यंत, जिथे गेले महिनाभर काहीच पोचलं नव्हतं तिथपर्यंत गेला, आणि पूर्ण भरून परत आला.

दाराजवळच्या खुंटीकडे मी लगेच बघितलं नाही. तेवढा वेळ मी स्वतःला दिला.

बाबा तीन दिवसांपूर्वी दादाकडे म्हणून निघाले होते. मीच त्यांना बसमध्ये बसवून आले होते. खुंटीवर त्यांचा रोजचा कोट होता. जाड कोट, वरचा, नव्हता. मी दादाला फोन केला नाही. ड्रायव्हरला केला.

"हो ताई, काल सकाळी सोडलं ना वर," तो म्हणाला. "दोन रात्री विश्रामगृहात काढल्या त्यांनी. गाडीत अगदी खुशीत होते. म्हणाले, मुलीची वस्तू राहिलीय, ती सोडवून आणायची. संध्याकाळी उतरतील म्हणून मी थांबलो, तर त्यांनी बिल्लाच पाठवून दिला हातात. सतरा नंबर. फाटकावर जमा केलाय. तुमचं काही बाकी नाही आता."

"आणि त्यांचा?"

"त्यांचा खिळा रिकामा आहे."

मी उद्या पहाटे निघणार आहे. विश्रामगृहात दोन रात्री काढाव्या लागतील, त्याला इलाज नाही. पिशवीत आईचा लाल दोरा घेतला आहे, का ते मला सांगता येणार नाही. दादा म्हणतो, आता जाऊन काय उपयोग, त्यांचं ते ठरलेलं आहे. काकाचंही तेच मत आहे.

माझी तब्येत उत्तम आहे. झोप छान लागते. रात्री मध्येच जाग येते तेव्हा मी छातीवर हात ठेवून मोजते. चार, पाच, सहा, सात. थांबा येत नाही. तो यावा म्हणून मी वाट बघते, पण येत नाही. वर कोणीतरी माझ्या वाटचे थांबे घेऊन झोपलं आहे, आणि त्याला उठवायला मला पोचायचं आहे.